पहिलं ॲप कसं करावं (दूध, खाडे आणि वाढीव दर यांसह)

ॲप करायला एक लॅपटॉप लागतो, बऱ्यापैकी इंटरनेट लागतं, एआयच्या एखाद्या साधनाचं खातं लागतं आणि घरात अशी एक तरी गोष्ट लागते जी सध्या सुरळीत चालली आहे. शेवटच्या अटीकडे दुर्लक्ष करू नका. मुळात बिघडलेल्या गोष्टीचं ॲप केलं, तर नंतरचा बिघाड आपला की आधीचा हे कुणालाच सांगता येत नाही. आणि पहिल्या ॲपचं सगळं श्रेय तर आपल्यालाच हवं असतं.

म्हणून दुधाचा हिशेब घ्या. रतीब रोजचा, आकडे लहान, गुणाकार सोपा. शिवाय तो आज बिनबोभाट चाललेला आहे. स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं असतं (१९७३ पासून कुठल्या ना कुठल्या दारामागे ते आहेच) आणि आई तारखेच्या चौकटीत बॉलपेनने फुली मारते, नाहीतर ‘अर्धा जास्त’ असं बारीक अक्षरात लिहिते. महिनाअखेरीला दोन मिनिटांत बेरीज होते, दूधवाले काका मान डोलावतात, पैसे दिले जातात. यात सुधारणेला काही वाव नाही हे उघड आहे. ती आपण करणार आहोत.

आधी नाव ठेवा. ‘दूधमित्र’, ‘मिल्कीफाय’, ‘क्षीरसागर’, काहीही चालेल. मग लोगो. लोगोला अख्खा रविवार द्या, कारण संपूर्ण ॲपमध्ये तुम्हाला कळेल असा हा एकमेव भाग आहे. त्याच रविवारी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर करून टाका. मेव्हणे लगेच ‘यातून कमाई किती?’ असं विचारतील. त्यांना उत्तर देऊ नका, पण नाराजही करू नका. पुढे त्यांची गरज पडणार आहे.

साधन कोणतं घ्यावं यावर डोकेफोड नको. बोल्ट किंवा लव्हेबलसारख्या साधनांत वाक्य लिहिलं की समोर अख्खं ॲप उभं राहतं. कर्सर किंवा कोपायलट कोडच्या खिडकीत शेजारी बसून सुचवत राहतात. क्लॉड कोडसारखं साधन काळ्या टर्मिनलमध्ये चालतं, आणि मागून जाणाऱ्याला तुम्ही काहीतरी गंभीर करताय असं वाटतं. सर्वात चांगलं कोणतं, हे ऑफिसात विचारू नका. चार जण पाच उत्तरं देतील आणि दिवाळीपर्यंत ती सगळी बदललेली असतील.

काम सुरू करण्यापूर्वी या पंथाच्या प्रवर्तकांचं स्मरण करावं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रे कार्पाथी यांनी ‘वाइब कोडिंग’ हे नाव दिलं आणि त्याच वर्षी कॉलिन्स शब्दकोशाने ते वर्षाचा शब्द म्हणून निवडलं. त्यांची साधना अशी: मशीनने काय बदललं ते वाचायचं नाही, सगळ्याला हो म्हणायचं, आणि एरर आली की एक शब्दही न बोलता ती उचलून परत मशीनलाच चिकटवायची. नवशिक्यांमध्ये ही पद्धत झपाट्याने पसरली, कारण नाव मिळण्याआधीपासून ते तेच करत होते. सांगताना दोन गोष्टी मात्र बहुतेक जण गाळतात. कार्पाथी हे ओपनएआयच्या संस्थापकांपैकी एक आणि टेस्लातल्या एआयचे माजी प्रमुख. कोड न वाचण्याचा हक्क त्यांनी आयुष्यभर कोड वाचून कमावलेला आहे. आणि ही रीत त्यांनी शनिवार-रविवारी करून टाकून द्यायच्या खेळण्यांसाठी सांगितली होती. दुधाचा हिशेब टाकून देता येत नाही. एक तारखेला काका दारात असतात.

आता एआयला पहिली आज्ञा द्या: ‘मला दुधाचं ॲप करून दे.’

चहा व्हायच्या आत ॲप तयार. जांभळ्याकडून निळ्याकडे जाणारी पार्श्वभूमी, वर ‘ताजेपणा, थेट तुमच्या दारी’, खाली सिल्व्हर आणि गोल्ड अशा दोन योजना, सामानाची ट्रॉली, डिलिव्हरीचा नकाशा, डार्क मोड, आणि तळाशी तीन समाधानी ग्राहकांचे फोटोसह अभिप्राय. हे ग्राहक अस्तित्वात नाहीत. तुमच्याकडे काका एकच आहेत आणि ते सायकलवरून येतात. त्यांना नकाशावर पाहण्याची घरात कुणाला आजवर इच्छा झालेली नाही. तरी या टप्प्यावर स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकावा. ॲप यापुढे इतकं देखणं पुन्हा दिसत नाही.

मग पहिली आज्ञा पुसा आणि दुसरी लिहा: ‘कोड लिहू नकोस. आधी मला प्रश्न विचार.’ एवढी एक ओळ या सगळ्या लेखात मी अगदी गंभीरपणे सांगतो आहे. एआय विचारेल: रोज किती लिटर? दूध आलं नाही तर काय? जादा घेतलं तर? दर बदलला तर? यांतलं एकही उत्तर आपल्याला येत नाही हे तिसऱ्या प्रश्नापर्यंत लक्षात येतं, आणि लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात जावं लागतं. तिथला संवाद साधारण असा होतो.

‘आई, खाडा कधी धरतेस?’

‘ते आले नाहीत की.’

‘आणि आपणच नको म्हटलं तर?’

‘तरी धरते. पण आदल्या रात्री सांगितलं असेल तरच. पहाटे सांगून काय उपयोग? ते दूध घेऊन निघालेले असतात. मग घेते आणि दही लावते.’

‘आणि चौकट रिकामी असली तर?’

‘रिकामी म्हणजे दूध आलं.’

‘हे कुठे लिहून ठेवलंय?’

‘लिहायचंय काय त्यात?’

इथे थांबा, खुर्ची ओढा. तुमच्या ॲपचा सगळा जीव या शेवटच्या चार ओळींत आहे, आणि जगातल्या कुठल्याही मशीनला तो आपणहून सापडणार नव्हता. मशीनच्या लेखी रिकामी चौकट म्हणजे शून्य. नोंद नाही, अर्थात दूध नाही. आईच्या लेखी रिकामी चौकट म्हणजे पूर्ण एक लिटर. कॅलेंडरवर ती रोजचं काही लिहीतच नाही, फक्त जे रोजच्यासारखं झालं नाही तेवढंच लिहिते. म्हणून महिन्याला पाच-सहा खुणांत तिचं काम भागतं. मशीनच्या पद्धतीने चाललं तर घरातल्या कुणीतरी महिन्याचे तीसही दिवस पहाटे उठून ‘दूध आले’ हे बटण दाबायला हवं. पहिले चार दिवस सगळे आळीपाळीने दाबतात. पाचव्या दिवशी प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने दाबलं असेल. महिनाअखेरीला ॲप चार लिटरचं बिल काढतं, आणि काका ते शांतपणे वाचून ‘मालकीण घरात आहेत का?’ असं विचारतात.

तेव्हा पुढच्या आज्ञेत लिहा: रोजचं एक लिटर गृहीत धर, फक्त खाडा आणि जादा दूध नोंदवायची सोय ठेव. कोड निम्म्यावर येतो. डॅशबोर्ड जातो, आलेख जातात, समाधानी ग्राहकही जातात.

ॲप तुमच्या लॅपटॉपवर छान चालू लागलं की त्याची लिंक ग्रुपवर पाठवा. ती ‘लोकलहोस्ट’ने सुरू होत असेल, तर ती तुमच्याखेरीज कुणाकडेही उघडणार नाही. या शब्दाचा अर्थ ‘याच मशीनवर’ एवढाच आहे, आणि मावशीच्या फोनवर ती मावशीच्या फोनमध्येच दूध शोधते. मावशी मात्र अंगठा वर करून ‘खूप छान’ लिहील. लिंक उघडून पाहणं आणि कौतुक करणं यांचा संबंध नसतो.

मग ते इंटरनेटवर चढवा. आता सगळ्यांकडे उघडतं, फक्त आईने मांडलेला खाडा बाबांना दिसत नाही. एआयने नोंदी ब्राउझरच्या पोटात साठवलेल्या असतात, म्हणजे ज्या फोनवर लिहिलं त्याच फोनवर राहतं. घरात चार फोन असतील तर चार स्वतंत्र हिशेब तयार होतात. काकांना यातला सर्वात मोठा पसंत पडतो. यावर उपाय सगळ्यांसाठी एकच डेटाबेस ठेवण्याचा. तो एआय चटकन जोडून देतं आणि बरेचदा कुलूप न लावता देतं, कारण कुलूप लावलं की एरर येतात आणि एरर आल्या की तुम्ही चिडता. आमच्या दुधात लपवण्यासारखं काय आहे, असं म्हणू नका. त्यात काकांचा नंबर आहे, तुमचा पत्ता आहे, आणि ओळीने नऊ खाडे आहेत. घर नऊ दिवस बंद होतं हे यापेक्षा नीटनेटकं कुठे लिहून ठेवणार? ‘ज्याची नोंद त्यालाच दिसेल असे नियम लाव’ हे तुम्हाला स्वतःहून सांगावं लागतं. मग दुसऱ्या खात्यातून आत शिरून पाहावं लागतं. ‘नियम लावले’ असं एआय म्हणालं, यावर समाधान मानू नये.

बाबांची नोंद हा वेगळा अध्याय आहे. बाबा पहाटे पाचला उठतात. एकदा तरी काका येत नाहीत, बाबा तत्परतेने खाडा मांडतात, आणि ॲप तो आदल्या दिवसावर टाकतं. तुम्ही रात्री अकराला बसून तपासता तेव्हा सगळं बिनचूक असतं. बाबा पहाटे करतात तेव्हा चुकतं. घरात यावरून बाबांच्या चष्म्याविषयी बोलणं होतं. वास्तविक दोष ग्रीनिचकडे आहे. एआय पुष्कळदा तारीख जागतिक वेळेत बदलून साठवतं, आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे, आणि त्यामुळे पहाटे साडेपाचपर्यंत ॲपच्या लेखी कालचाच दिवस चालू असतो. रात्री अकराला दोन्हीकडे तारीख एकच, म्हणून तुम्हाला ते कधीच दिसत नाही. एक जानेवारीचा खाडा मागच्या वर्षात जातो. ‘तारीख नुसती तारीख म्हणून साठव, वेळ जोडू नकोस’ असं सांगितलं की हे मिटतं. दूध, पेपर, काकड आरती असल्या पहाटेच्या व्यवहारांचं ॲप करणाऱ्याने तपासणीसाठी एकदा तरी पहाटे उठलं पाहिजे, किंवा निदान फोनचं घड्याळ तरी मागे करून पाहिलं पाहिजे.

आजी मराठी कीबोर्डवरून १.५ लिहिते. बिलात ‘एकूण देय: रुपये एनएएन’ येतं, म्हणजे ‘हा आकडाच नव्हे’. ॲप ज्या भाषेत लिहिलेलं असतं त्या जावास्क्रिप्टला देवनागरी आकडे आकडे वाटत नाहीत. ते आधी रोमनमध्ये बदलून घ्यायला सांगा. तसंच पैशांचा हिशेब रुपयांच्या दशांशात नको, पूर्ण पैशांत ठेवा. संगणकाच्या बेरजेत ०.१ अधिक ०.२ म्हणजे ०.३०००००००००००००००४ होतात, आणि ते चारचं शेपूट कुणी द्यायचं यावर वाद नको.

आता वाढीव दर. समजा सप्टेंबर आहे. पंधरा तारखेपर्यंत दर ६० रुपये, दोन खाडे, म्हणजे १३ लिटरचे ७८०. सोळापासून दर ६२, एक खाडा, पाहुण्यांसाठी दोनदा अर्धा लिटर जादा, म्हणजे १५ लिटरचे ९३०. एकूण १७१०. आई हे भाजी निवडताना करते. ॲप सांगतं १७३६. कारण ॲपमध्ये ‘दर’ नावाचा एकच रकाना आहे. तुम्ही सोळाला त्यात ६२ लिहिलं आणि पहिल्या पंधरवड्यातलं १३ लिटर दूधही दोन-दोन रुपयांनी महाग झालं. तेवढ्यावर थांबत नाही. मागचे महिने उघडून पाहा, तेही महागलेले असतात, आणि जूनपासूनची थकबाकी तांबड्या अक्षरांत दिसू लागते. या आठवड्यात काकांना ॲप फार आवडू लागतं.

एआयला सांगा की बिल १७१० यायला हवं. ते म्हणेल, ‘तुमचं अगदी बरोबर आहे! चूक लक्षात आली, दुरुस्ती केली, तपासूनही पाहिलं.’ शेजारी हिरवी टिकली. पाहा तर खरंच १७१०. इथे नवशिका लॅपटॉप मिटतो. तुम्ही मिटू नका. कोड उघडा आणि इंग्रजी जमेल तेवढं वाचा, कारण कधी कधी तिथे सरळ लिहिलेलं असतं: महिना सप्टेंबर असेल तर १७१० दाखव. हव्या त्या उत्तरापर्यंत पोहोचण्याचा हा सर्वात जवळचा रस्ता आहे आणि उत्तर तुम्हीच सांगितलं होतं. उत्तराऐवजी नियम सांगा: प्रत्येक दराला ‘कधीपासून’ अशी तारीख जोड, आणि त्या त्या दिवशी जो दर होता तोच लाव. मग ऑगस्ट, आणि महिना भरल्यावर ऑक्टोबर, कॅलेंडरवरून हाताने मांडून ताडून पाहा. ते दोन आकडे एआयला आधी सांगू नका.

‘तुमचं अगदी बरोबर आहे’ हे वाक्य एकाच दुरुस्तीसाठी तिसऱ्यांदा ऐकू आलं की ती चर्चा बंद करून नवी उघडा. जुन्या चर्चेत आता चुकीच्या दुरुस्त्यांचा एवढा गाळ साचलेला असतो की मशीन त्याच्याकडेच पाहून पुढचं उत्तर देतं. एक दुरुस्ती दुसरीला बिघडवते, दुसरी पहिलीला. तुम्ही मोठ्या अक्षरांत लिहू लागता, त्याने काही होत नाही. शेवटच्या चालत्या प्रतीवर परत जा.

चालती प्रत नसेल, तर हा परिच्छेद आधी वाचायला हवा होता. गिट नावाचं एक साधन आहे, लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेलं, फुकट. काहीतरी चाललं की लगेच ‘कमिट कर’ असं सांगायचं, म्हणजे त्या क्षणाची नोंद राहते आणि नंतर तिथे परतता येतं. कोड परत येतो, डेटाबेसमधल्या नोंदी गिटने परत येत नाहीत; त्यांची प्रत वेगळी काढावी लागते. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका गुंतवणूकदाराचा चालू डेटाबेस एआय एजंटने पुसून टाकला. काहीही बदलू नकोस असं त्याला बजावलेलं होतं. वर त्याने सांगितलं की आता हे परत आणता येणार नाही. प्रत्यक्षात आणता आलं. म्हणजे पुसणं आणि पुसल्याबद्दलची माहिती देणं, दोन्ही त्याने तितक्याच आत्मविश्वासाने केलं. काकांचा हिशेब अमेरिकेतल्या माणसाच्या हिशेबाहून कमी मोलाचा समजायचं कारण नाही. खऱ्या नोंदींपर्यंत एजंटचा हात पोहोचू देऊ नका, त्याला सरावासाठी खोट्या नोंदींचा वेगळा डेटाबेस द्या.

आणि गुप्त किल्ली, म्हणजे एपीआय की, कोडमध्ये लिहून तो कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर सगळ्यांसाठी खुला टाकू नका. अशा किल्ल्या शोधत फिरणारे बॉट तिथे अहोरात्र जागे असतात. तुमच्या किल्लीवर ते जे काही चालवतील त्याचं बिल तुम्हाला येतं, आणि ते दुधाच्या बिलासारखं नसतं.

राहता राहिलं प्ले स्टोअर. खरं तर वेबपेजची लिंक फोनच्या होम स्क्रीनवर ठेवली तरी घरातल्या घरात काम भागतं, पण ग्रुपवर शब्द दिलेला आहे. गूगल एकदाच २५ डॉलर घेतं. ॲपलला दर वर्षी ९९ डॉलर लागतात, म्हणून आयफोनवाल्या भाच्याला कागदावर खाडे लिहायला सांगा. पैसे भरले की सुटलो असं नाही. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना आधी बंद चाचणी घ्यावी लागते: १२ परीक्षक, सलग १४ दिवस. पूर्वी २० लागायचे, डिसेंबर २०२४ मध्ये आकडा खाली आला, आणि छोट्या कुटुंबांची सोय झाली.

बारा माणसं मिळतात. सलग चौदा दिवस टिकत नाहीत. आत्या जागा कमी पडते म्हणून सहाव्या दिवशी ॲप काढून टाकते आणि परीक्षकांच्या यादीतूनही चुकून बाहेर पडते, म्हणजे तुम्ही अकरावर. चुलतभाऊ दुसऱ्याच जीमेलने आत येतो. यासाठी पंधरा-सोळा जणांना आमंत्रण पाठवावं आणि मेव्हण्यांना रोज सकाळी सगळ्यांना आठवण करून देण्याचं काम द्यावं. त्यांना ते मनापासून जमतं. अखेर गूगल फॉर्ममध्ये विचारतं की परीक्षकांनी काय सांगितलं आणि तुम्ही त्यानुसार काय बदललं. तुमच्याकडे सात अंगठे, एक गुड मॉर्निंगचं सूर्यफूल आणि ‘अक्षर मोठं कर रे’ एवढा ऐवज जमलेला असेल. अक्षर मोठं करा आणि तेच लिहा. ती खरी सुधारणा आहे.

परवानगी आली की मेव्हणे म्हणतील, यातच पेपरवाल्याचंही टाक ना. हो म्हणण्यापूर्वी विचारा की त्यांच्याकडे रविवारचा दर वेगळा आहे का, सणाच्या दुसऱ्या दिवशी अंकच निघत नाही तो खाडा धरायचा की नाही, आणि रद्दीचे पैसे बिलातून वजा होतात की वहिनींकडे जातात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वहिनींसमोर मागू नका.